चोरीची भरपाई : जागल्यापासून सरकारपर्यंत

बार्शीटाकळीसारख्या वऱ्हाडी गांवीं सरकारी पोलीस येण्यापूर्वीं राखणेचें काम पाटील व जागल्या यांजकडे असे. जुन्या मराठी मुलुखांत चोरी झाली, तर राखणदारानें माग काढून तो शिवेपर्यंत न्यावा व पुढील गांवाच्या हवालीं करावा, अशी रीत होती. माग जेथें खुंटे, त्या गांवानें भरपाई द्यावयाची. ती प्रथम राखणदाराच्या ऐपतीप्रमाणें त्याजकडून घेत व उरलेली सर्व गांवावर बसवीत. एल्फिन्स्टन साहेबानें 1819 सालच्या अहवालांत पेशवाईंतील ही पद्धत वर्णिली आहे. ही सक्ती अन्यायाची असून ती पुरतेपणीं क्वचितच वसूल होई, असेंहि त्यानें नमूद केलें आहे.

अन्याय होता खरा. गरीब जागल्याचें घर त्यांत बुडे. तथापि हयगयीचा भार हयगय करणाराच्या व त्याच्या गांवाच्या माथीं पडे, एवढें शहाणपण त्या रीतींत होतें.

पुढें पगारी पोलीस आले आणि राखणेचा भार सरकारनें घेतला. पण पोलिसानेंच नुकसान केलें, तर भरपाई कोणीं द्यावी? सप्टेंबर 1947 मध्यें मीरतेस एका सराफी व्यापाऱ्याचें सुमारें 103 तोळे सोनें व कांहीं चांदी पोलिसांनीं जप्त केली. चांदी परत मिळाली. सोनें मात्र ठाण्याच्या मालखान्यांतून एका हेडकॉन्स्टेबलनें लांबविलें व तो पाकिस्तानांत पळाला. कस्तुरीलाल खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणांत 1964 सालीं सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनीं निकाल दिला, कीं अटक व जप्ती हीं सार्वभौम सत्तेचीं कामें असल्यामुळें सरकार जबाबदार नाहीं. या परिणामाविषयीं असमाधान व्यक्त करून त्यांनीं विधिमंडळांनीं कायदा करावा असेंहि सुचविलें. विधि आयोगानें 1956 सालींच तशी शिफारस केली होती. परंतु तसा सर्वंकष कायदा झाला नाहीं.

1993 सालीं मात्र ओरिसांतील कोठडींत मृत्यु पावलेल्या तरुणाच्या आईस सर्वोच्च न्यायालयानें दीड लाख रुपये देवविले. मूलभूत हक्कांच्या भंगास सार्वभौमत्वाची ढाल चालत नाहीं, असें त्यांत ठरलें.

अमेरिकेंत पोलीस बहुधा नगरांच्या ताब्यांत असतात व अनेक नगरें त्यांच्या चुकांसाठीं विमा उतरवितात. दावे वाढले कीं हप्ता वाढतो, आणि विमेवाला शिक्षण व नियम यांची मागणी करतो. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय आहे. बार्शीटाकळीच्या नगरसंस्थेस विमा उतरावयास लावणें व्यर्थ, कारण ठाण्यावर तिची सत्ता नाहीं.

तरीहि मूळ प्रश्न उरतोच. आज भरपाई राज्याच्या खजिन्यांतून जाते. म्हणजे पुन्हा सर्व गांवाच्याच पैशानें. फरक इतकाच, कीं जुन्या गांवाला माग कोठें खुंटला हें ठाऊक असे. ज्या ठाण्याच्या चुकीनें पैसा गेला, त्याच्या नांवें तो मांडून ठेवला, तरच त्या खर्चांतून दक्षता उपजेल. एरव्हीं विमा असो वा खजिना, माग वाटेंतच हरवेल.