शेजारचे अदृश्य लोक : आयरिश लोकसमजुतीतील एक प्रकरण

परी हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, ते बहुतांशी वाचनमालांनी व सचित्र बालपुस्तकांनी घडविलेले आहे. फुलपाखरासारखे पंख, हाती जादूची कांडी आणि मुलांविषयी अपार माया. वर्गात आम्हीही हे चित्र मुलांपुढे वर्षानुवर्षे ठेवीत आलो आणि त्यात काही गैर केले असे आम्हांस वाटत नाही. परंतु ज्या समाजांत या कल्पनेची मुळे खोल रुजली होती, त्यांपैकी आयर्लंडमधील एखाद्या खेडुताला हे चित्र दाखविले असते, तर त्याने ते ओळखलेच नसते. त्याच्या लेखी हे लोक आकाशातून उतरणारे नव्हते; ते शेताच्या बांधापलीकडे राहणारे शेजारी होते. त्यांत स्त्रिया होत्या तसे पुरुष, मुले व म्हातारेही होते. म्हणून 'परी' हा स्त्रीवाचक शब्द सोडून प्रस्तुत लेखात आम्ही त्यांस 'गूढजन' म्हणणार आहोत.

या गूढजनांची पूर्वपीठिका आयरिश वाङ्मयात फार जुनी आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास ख्रिस्ती विद्वानांनी संकलित केलेल्या आयर्लंडच्या पुराणेतिहासात, त्या बेटावर एकामागून एक आलेल्या लोकसमूहांची कथा आहे. त्यांपैकी 'तुआथा डे डानन' हा दैवी सामर्थ्याचा समूह. आजच्या आयरिश लोकांचे मानलेले पूर्वज तेथे आले, तेव्हा त्यांच्याकडून पराभूत होऊन या समूहाने भूमीचा वरचा भाग सोडला व तो टेकड्यांच्या पोटात राहावयास गेला, अशी परंपरा आहे. टेकडीला वा उंचवट्याला जुन्या आयरिश भाषेत जो शब्द आहे, त्याच शब्दाने पुढे त्यात राहणाऱ्यांचाही निर्देश होऊ लागला. जेत्यांनी वरची जमीन घेतली आणि जितांनी खालची. एका भूमीचे दोन रहिवासी झाले.

आता ही खालची वस्ती नेमकी कोठे, हे दाखविणाऱ्या खुणा आयर्लंडच्या शेताशेतांत आहेत. तेथे मातीच्या वा दगडांच्या वर्तुळाकार तटांचे चाळीस हजारांहून अधिक अवशेष आढळतात. पुरातत्त्वज्ञांच्या मते, त्यांपैकी बहुसंख्य तट इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात शेतकरी कुटुंबांनी आपल्या घरांभोवती व गुरांभोवती घातलेले होते. पुढे घरे पडली, बांधणाऱ्यांचे विस्मरण झाले आणि लोक त्या ओसाड वर्तुळांना गूढजनांचे कोट समजू लागले. वास्तविक तेथे राहून गेलेली माणसे याच भूमीतले जुने शेतकरी होते. पण स्मृती तुटली की आपलेच पूर्वज परके होऊन बसतात. या समजुतीचा एक इष्ट परिणामही झाला. कोटावर नांगर घालू नये, एकट्या उभ्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाला कुऱ्हाड लावू नये, या भीतीने हे अवशेष शतकानुशतके टिकले. १९९९ साली क्लेअर परगण्यातील लटून येथे महामार्गाच्या आड येणारे असेच एक झाड लोककथाकार एडी लेनिहान यांच्या प्रयत्नांमुळे वाचले.

गूढजनांचा संसार माणसांसारखाच कल्पिलेला होता. त्यांची गुरे होती, त्यांचे खेळ होते, आपापसांत भांडणे होती. त्यांना नावाने हाक मारीत नसत. 'भले लोक' असे आदराने म्हणत. ज्याचे भय असते त्याला गोड नाव देण्याची ही रीत आपणांस अपरिचित नाही. ज्या रोगाने घरे ओस पडत, त्यास आपण 'देवी' म्हणत होतो आणि रात्री सापाचे नाव न घेता 'लांबडे' म्हणण्याची चाल खेड्यांतून अजून आठवते.

परंतु या शेजाऱ्यांविषयी खरी धास्ती होती ती वेगळीच. ते माणसे पळवितात, अशी समजूत होती. सुदृढ बालक, नुकतीच बाळंत झालेली स्त्री किंवा देखणी तरुणी यांस ते आपल्या कोटात नेतात, आणि त्यांच्या जागी हुबेहूब दिसणारा, पण रोगट व चिडखोर असा तोतया ठेवून जातात. तोतया हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा जो तोतया निघाला, त्याचे प्रकरण मराठी वाचकांस ठाऊक आहेच. तेथे परका माणूस 'मी तुमचाच' म्हणत होता आणि अखेर १७७६ साली त्यास देहान्त शासन झाले. आयर्लंडमधील प्रकार याच्या नेमका उलट होता. तेथे घरचेच माणूस 'मी तुमचेच' म्हणून आक्रोश करी आणि घरचे लोक त्यास परके ठरवीत.

ही समजूत कशासाठी उपयोगी पडत होती, हे पाहिले म्हणजे तिचे बळ कळते. जे मूल वाढत नाही, बोलत नाही. जी बाळंतीण एकाएकी कोणाशी बोलेनाशी होते. जे माणूस दुखण्यातून उठते पण पूर्वीसारखे राहत नाही, त्यांच्याविषयी कुटुंबाला काहीतरी स्पष्टीकरण हवे असे. 'हे आपले नव्हेच; आपले टेकडीत सुखरूप आहे' या म्हणण्यात दिलासा होता, आशाही होती. मात्र त्याच वाक्यात एक भयंकर परवानगीही दडलेली होती. जे आपले नाही, त्याच्याशी कसेही वागता येते. १८२६ साली केरी परगण्यात, चालता-बोलता न येणाऱ्या एका चार वर्षांच्या मुलाला 'बरे' करण्यासाठी एका वृद्ध स्त्रीने फ्लेस्क नदीत बुडविले. मूल मेले, पंचांनी तिला निर्दोष सोडले.

याहून अधिक प्रसिद्ध, आणि इतिहासकाराची परीक्षा पाहणारे प्रकरण १८९५ सालचे आहे. टिपरेरी परगण्यात बॅलिव्हॅडली नावाची एक लहानशी वस्ती आहे. तेथे मायकेल क्लिअरी हा पिपे बनविणारा कारागीर, त्याची पत्नी ब्रिजेट व तिचे वृद्ध वडील पॅट्रिक बोलंड राहत असत. ब्रिजेटचे वय तिशीच्या आत होते. ती कपडे शिवी, टोप्या करी. तिच्यापाशी स्वतःचे शिवणयंत्र होते. कोंबड्या पाळून अंड्यांचे पैसेही ती मिळवीत असे. लग्नास सात-आठ वर्षे होऊनही मूल नव्हते. स्वतः कमावणारी, नीटनेटकी राहणारी आणि निपुत्रिक अशी स्त्री खेड्यात चर्चेचा विषय होते, मग ते खेडे कोठलेही असो.

मार्चच्या आरंभी अंडी पोहोचविण्यासाठी ती वडिलांचा नातलग जॅक डन याच्या घरी गेली. त्या बाजूस किलनाग्रॅनाचा कोट होता. थंडी बाधून ती अंथरुणाला खिळली. १३ मार्च रोजी डॉक्टर येऊन गेले. त्यांना श्वासनलिकांचा सौम्य दाह व मनःक्षोभ आढळला. त्याच दिवशी धर्मगुरूंनीही येऊन अंतसमयीचे संस्कार केले. परंतु जुन्या गोष्टींचा जाणकार म्हणविणाऱ्या डनने 'ही ब्रिजेट नव्हे' असे म्हटले होते, आणि तो शब्द नवऱ्याच्या मनात रुतून बसला. १४ मार्चच्या रात्री नातलगांनी तिला धरून ठेवले, एका वैदूकडून आणलेली वनस्पती दुधात उकळून बळेच पाजली आणि तिला चुलीच्या आगीपुढे धरले. ती खरोखर मायकेल क्लिअरीची पत्नी आहे काय, हे देवाच्या नावाने पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. तिने होकार दिला. तेवढ्याने त्या रात्री सुटका झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मगुरूंनी तिच्या खोलीत प्रार्थनाविधी केला. संध्याकाळी ती उठून, कपडे करून माणसांत येऊन बसली. त्याच रात्री नवऱ्याने तिच्यापुढे पावाचे तीन तुकडे ठेवले आणि प्रत्येक घासापूर्वी तोच प्रश्न केला. तिसऱ्या वेळी उत्तर यावयास विलंब झाला. त्याने तिला खाली पाडले आणि दिव्यातील तेल ओतून जाळले. घरात तिचे वडील होते, आत्या होती, आतेभाऊ होते.

यानंतर मायकेल किलनाग्रॅनाच्या कोटापाशी रात्री जाऊन वाट पाहू लागला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून येईल, तिचे बंध कापले की ती परत मिळेल, अशी त्याची धारणा होती. निदान तसे तो सांगत होता. घोडा आला नाही. २२ मार्च रोजी पोलिसांना जवळच एका उथळ खड्ड्यात प्रेत सापडले. दफनाला गावकरी आले नाहीत. पोलीस शिपायांनीच कंदिलाच्या उजेडात तिला माती दिली. जुलैमध्ये क्लॉनमेल येथे खटला चालला. खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत होऊन मायकेलला वीस वर्षांची सक्तमजुरी झाली. इतर काही जणांना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा झाल्या. खुद्द ब्रिजेटच्या वडिलांस सहा महिने. १९१० मध्ये सुटल्यावर मायकेल कॅनडास निघून गेला.

या घटनेचा त्या काळी कसा अर्थ लावला गेला, हेही इतिहासाचेच अंग आहे. आयर्लंडला स्वराज्याचे अधिकार देणारे विधेयक १८९३ मध्ये ब्रिटिश लोकसभेत संमत होऊन उमरावांच्या सभागृहात फेटाळले गेले होते. वाद शमला नव्हता. अशा वेळी हे प्रकरण स्वराज्याच्या विरोधकांच्या हाती सापडले. जे लोक आपल्या बायका जाळतात, ते राज्य काय करणार, असा सूर त्यांच्या पत्रांतून निघाला. मथळ्यांत 'चेटकीण जाळली' असेही शब्द झळकले. ही चूक लहान नाही. ब्रिजेटवर चेटकाचा आरोप कोणीच केला नव्हता. ती स्वतः ती नाही, एवढाच तिचा अपराध होता. दुसरीकडे, त्याच दशकात कवी येट्स आयरिश परीकथांचे संकलन करून त्यांत आपल्या राष्ट्राचा आत्मा शोधीत होते. त्यांचा 'केल्टिक ट्वायलाइट' हा ग्रंथ १८९३ सालचा. एकाने समजुतीत रानटीपणा पाहिला, दुसऱ्याने काव्य. या दोन्ही चित्रांत ब्रिजेटला जागा नव्हती.

आमच्या मते या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. समजूत होती म्हणून हत्या झाली, असे म्हणावे तर त्याच समजुतीत वाढलेली लक्षावधी माणसे आपल्या आजारी माणसांची सेवाच करीत होती. समजुतीचा संबंध नव्हता, असे म्हणावे तर कोटापाशी वाट पाहणारा मायकेल आणि मुकाट्याने पाहत राहिलेले ते नातलग यांचा उलगडा होत नाही. समजुतीने हत्येला कारण दिले नाही. तिने शब्द दिले. संशय, मत्सर, संतानहीनतेचे शल्य, बायकोच्या कमाईविषयीची अढी, दुखण्याची धास्ती हे सारे त्या घरात आधीच असावे. 'ही आपली नव्हे' या एका वाक्याने त्या साऱ्याला सभ्य रूप मिळाले, आणि हात धरणाऱ्या माणसांना आपण उपचार करीत आहोत असे वाटू शकले. डॉक्टर, धर्मगुरू व पोलीस चौकी ही सर्व त्या घराच्या आवाक्यात होती, हे विसरता येत नाही. आधुनिक संस्था दाराशी आल्या म्हणजे घरातले शब्द बदलतात असे नाही.

हे लिहिताना आपल्याकडच्या 'आसरा' आठवल्यावाचून राहत नाहीत. अप्सरा या शब्दाचेच ते लोकरूप मानले जाते. विहिरीच्या काठी, डोहापाशी सात दगडांना शेंदूर लावून त्यांची पूजा होते. त्या पाण्यात राहतात आणि तरण्या बायकांना 'लागतात', असे मानणारी घरे आहेत. त्या शेंदराच्या दगडांनी किती डोह आणि किती झाडे राखली, हे मान्य केले पाहिजे. आणि 'बाहेरचे लागले आहे' या तीन शब्दांखाली किती सुनांचा छळ झाला, हेही मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात नरबळी व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि कर्नाटकात त्याच स्वरूपाचा २०१७ मध्ये. कायद्याने हात रोखता येतो. शब्द कोठून आला, हे समजावून देण्याचे काम मात्र शिक्षकाकडेच राहते.

या बाबतीत आयर्लंडनेच एक मार्ग घालून दिला आहे. स्वातंत्र्यानंतर तेथे १९३५ मध्ये लोकसाहित्य आयोग स्थापन झाला आणि १९३७ ते १९३९ या काळात त्याने प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांवर एक काम सोपविले. घरच्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून गावच्या समजुती, कोट, झाडे, औषधे व कथा यांची माहिती लिहून आणावयाची. सुमारे पाच हजार शाळांतील पन्नास हजारांवर मुलांनी ते काम केले. वह्या शिक्षकांनी तपासल्या, आणि तो संग्रह आज डब्लिनच्या विद्यापीठात जतन केलेला असून सर्वांना पाहता येतो. ज्या गोष्टी आजोबा दबक्या आवाजात सांगत, त्या नातवाने शाईने वहीत लिहिल्या. समजुतीची थट्टा झाली नाही आणि तिच्यापुढे मानही तुकविली गेली नाही. ती नोंदविली गेली. जी गोष्ट वहीत उतरते तिच्याविषयी प्रश्न विचारता येतो, आणि ज्या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे संभवतात तो तिसऱ्या घासाशी येऊन प्राणघातक होत नाही.

आपल्या परिषदेच्या सभासदांत शिक्षक पुष्कळ आहेत. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्या गावांतून आसरांची, म्हसोबांची व वेताळांची ठिकाणे कोणती, त्यांविषयी कोण काय सांगते, हे मुलांकडून लिहवून घेण्यास मोठा खर्च लागणार नाही. मात्र त्या वहीत एक रकाना अवश्य असावा असे आम्हांस वाटते. ज्यांना 'लागले' असे म्हटले गेले, त्या माणसांचे पुढे काय झाले? ब्रिजेट क्लिअरीच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला तो तिला पुरल्यानंतर.