'सब्लाइम', 'उदात्त' आणि बर्कचा सर्प

'सब्लाइम' म्हणजे उदात्त, हे समीकरण आपल्या वर्गांतून इतके रुळले आहे की त्याकडे पुन्हा वळून पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. लाँजायनस शिकवताना आम्हीही ते वर्षानुवर्षे निर्धास्तपणे वापरत आलो. अडचण उभी राहिली ती एडमंड बर्कपाशी. गडद काळोख, अथांग समुद्र, इतकेच काय, विषारी सर्प यांतही बर्कला 'सब्लाइम' दिसते. सर्पाला 'उदात्त' म्हणताना जीभ अडखळते. ती का अडखळते हे समजून घ्यायचे तर इंग्रजीतील भव्यतावाचक शब्दांचा इतिहास थोडा उकलावा लागतो.

मॅजेस्टी, ग्रँजर, मॅग्निफिसन्स हे या वर्गातले प्रतिष्ठित शब्द लॅटिन-फ्रेंच घराण्यातले आहेत आणि आरंभी ते प्रामुख्याने माणसांच्या थोरवीचे होते, डोंगरदऱ्यांचे नव्हते. मॅग्निफिसन्सची कुळकथा तर थेट खर्चाची आहे. मोठा खर्च औचित्य राखून, शोभेल असा करणे हा अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात एक स्वतंत्र सद्गुण आहे. लॅटिनमधून तोच या नावाने इंग्रजीत आला. सोळाव्या शतकात जॉन स्केल्टनने मॅग्निफिसन्स नावाच्या राजपुरुषालाच नाटकाचा नायक केले. मर्यादेची संगत सुटताच हा नायक धुळीला मिळतो. १५९० साली स्पेन्सरने 'फेअरी क्वीन'सोबत जोडलेल्या पत्रात राजकुमार आर्थर हे याच गुणाचे रूप असल्याचे सांगितले. भव्यता तेव्हा कुळाची, दानाची, वागणुकीची होती.

'सब्लाइम'चा प्रवास निराळा. लाँजायनसच्या ग्रीक शीर्षकातला शब्द 'हुप्सोस', म्हणजे साधी उंची. १६५२ मध्ये जॉन हॉलने त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा त्यानेही शीर्षकात 'हाइट' हा घरचाच शब्द योजला होता. १६७४ मध्ये बुआलोचे फ्रेंच भाषांतर आले आणि चित्र पालटले. 'सब्लाइम' हे विशेषण इंग्रजीला आधीपासून ठाऊक होते. आता ते नाम होऊन बसले. १७५५ च्या आपल्या कोशात डॉ. जॉन्सनने या नामाची नोंद करताना ते फ्रेंच वळणाचे असले तरी आता भाषेत मुरले आहे, असा शेरा मारला आहे. कोशकाराच्या त्या शेऱ्यात थोडी नाखुशी असावी असे आम्हांस वाटते. तत्पूर्वी, १७२८ मध्ये, पोपने उंचीऐवजी खोलीवर, म्हणजे 'बॅथॉस'वर, उपरोधिक प्रबंध लिहून सुमार कवींची टर उडवली होती. ती टवाळीही या शब्दाच्या प्रतिष्ठेचाच पुरावा होय.

तोवर 'सब्लाइम' ही मुख्यतः शैलीची आणि मनाच्या थोरवीची गोष्ट होती. १७५७ मध्ये बर्कने तिचे मूळ भयात शोधले. संकट अंगावर आले तर ते केवळ क्लेशकारक. पण ते काही अंतरावर असेल तर त्यातून एक विशिष्ट आनंद उपजतो, असे त्याचे म्हणणे. त्याच्या विवेचनातला आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग भाषेविषयीचा आहे. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी या भाषांत विस्मय आणि भीती, आदर आणि भीती यांसाठी अनेकदा एकच शब्द चालतो, याकडे तो बोट दाखवतो. म्हणजे शब्दच त्याचे साक्षीदार.

दैवदुर्विलास असा की पुढच्या शंभर वर्षांत हेच साक्षीदार फितूर झाले. जॉन्सनच्या कोशात 'ऑफुल' म्हणजे धाक आणि पूज्यभाव उत्पन्न करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो शब्द 'अगदी वाईट' या अर्थाने वापरला जाऊ लागला आणि 'ऑफुली' तर 'फार' या अर्थाचे निव्वळ शेपूट बनले. मिल्टनने १६६७ मध्ये सर्पाच्या आयाळीसाठी वापरलेला 'टेरिफिक' पुढे 'झकास' झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'ऑसम'चेही तेच झाले. मात्र आपण हसू नये. 'भयंकर गोड' आणि 'भीषण सुंदर' म्हणणारी मराठी याच वाटेने चालली आहे.

आता 'उदात्त'कडे येऊ. पाणिनीच्या व्याकरणात उदात्त म्हणजे वर उचललेला स्वर. 'हुप्सोस'शी त्याचे नाते अगदी सख्खे. दंडीने उदात्त हा अलंकार सांगितला तो आशयाच्या किंवा वैभवाच्या थोरवीचा. नाट्यशास्त्राच्या परंपरेतला धीरोदात्त नायक गंभीर, क्षमाशील, स्थिर. लाँजायनसचे मनाचे मोठेपण आणि स्पेन्सरचे मॅग्निफिसन्स या दोहोंना हा शब्द चपखल बसतो. भय मात्र त्याच्या घराण्यात कुठेच नाही. बर्कचा सर्प त्यात मावत नाही तो यामुळे.

या शब्दाचे एक टोक आपल्यापर्यंतही पोहोचले आहे. चार्ल्स विल्किन्सचे गीतेचे इंग्रजी भाषांतर १७८५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्याला जोडलेल्या १७८४ च्या पत्रात वॉरन हेस्टिंग्जने गीतेची थोरवी सांगताना 'सब्लिमिटी' हाच शब्द वापरला आहे. याच हेस्टिंग्जवर पुढे १७८८ पासून महाभियोग चालला आणि फिर्यादी पक्षाचा अग्रणी होता बर्क! १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला.

हेस्टिंग्जचा शब्द गीतेच्या अकराव्या अध्यायाला बर्कच्या अर्थानेही लावता येतो. अमर्याद आकार, न साहवणारे तेज, संहारक सामर्थ्य आणि थरथर कापत ओळखीचे रूप मागणारा अर्जुन, हे सारे तिथे आहे. पण ज्ञानेश्वर त्या अध्यायाचा आरंभ करतात तो शांत आणि अद्भुत यांच्या भेटीने. मुख्य मान या दोघांचा. भयानकाला तिथे यजमानपद नाही. एकाच विश्वरूपाकडे पाहण्याच्या या दोन रीती आहेत, आणि 'उदात्त' हा शब्द ज्ञानेश्वरांच्या बाजूला अधिक जवळचा आहे.

अलीकडे बर्क शिकवताना आम्ही फळ्यावर 'भीषणभव्य' असा ओबडधोबड जोडशब्द लिहितो. विद्यार्थी हसतात. लाँजायनसकडे परतताना तो पुसून पुन्हा 'उदात्त' लिहितो.