अरे, आवाज कुठून?

हेडफोन लावला की स्पीकर गप्प, काढला की पुन्हा सुरू. पीसीकडून अपेक्षा एवढीच. तरी आपण टास्कबारवरच्या त्या चिमुकल्या स्पीकरवर क्लिक करून आवाज नक्की गेलाय कुठे हे शोधत बसतो. आवाज कुठून यायचा हे ठरवतं कोण, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. निदान मला तरी वाटतो.

सुरुवात टेलिफोन एक्स्चेंजपासून. हेडफोनच्या पिनेचा थोरला भाऊ, म्हणजे पाव इंची जॅक, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑपरेटरच्या स्विचबोर्डसाठी आला. अशा जॅकमध्ये पिन घुसली की आतली पत्र्याची पट्टी बाजूला सरते आणि एक जोड तुटतो. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओत हीच युक्ती. इअरफोन खुपसला की स्पीकरची वाट बंद. बिघाड झालाच तर पट्टी वाकलेली असायची. दुरुस्तीवाला ती चिमट्याने सरळ करायचा, विषय संपला.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हा प्रश्नच नव्हता. पोटात एकच स्पीकर, तोही बीप करण्यापुरता. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर कार्ड आणलं, आणि १९९७ च्या इंटेलच्या एसी ९७ मानकानंतर साउंड कार्ड वेगळं घ्यायची गरजच कमी होत गेली. त्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डवर मागच्या हिरव्या जॅकचा आवाज आधी कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून फिरून यायचा. पुढे हेडफोन लावला की पट्टी सरून मागची वाट तुटायची. म्हणजे रेडिओच! पण पुढच्या पॅनेलची वायर जोडलीच नाही, तर मागच्या स्पीकरनाही आवाज नाही. मग ५-६ आणि ९-१० या पिनांवर जंपर बसवावे लागत. पीसी असेंबल केलेल्या मंडळींना आठवत असेल.

२००४ मध्ये इंटेलचंच एचडी ऑडिओ आलं आणि खरा बदल झाला. पट्टी राहिली, पण आता ती आवाज तोडत नाही, फक्त वर्दी देते. प्रत्येक जॅकला वेगळा रेझिस्टर असतो: ३९.२, २०, १० किंवा ५.१ किलोओहमचा. साउंड चिप तेवढ्यावरून ओळखते की पिन कुठल्या भोकात आहे. पुढे काय करायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. थोडक्यात, पट्टीचा झाला शिपाई आणि ड्रायव्हर झाला साहेब.

साहेब आले म्हटल्यावर घोळ आलेच. एक्सपीवर गाणं सुरू असताना यूएसबी हेडसेट लावला, तर गाणं सहसा जुन्या स्पीकरवरच वाजत राहायचं. चालू आवाजाने डिफॉल्टच्या मागे जायचं, ही सोय विंडोज ७ मध्ये, २००९ साली आली. कॉलसाठी वेगळं डिफॉल्टही तेव्हाचंच. लिनक्सवर २००४ पासून घडत गेलेला पल्सऑडिओ २००७ च्या फेडोरा ८ मध्ये डिफॉल्ट झाला. त्यात चालू गाणं उचलून दुसऱ्या उपकरणावर टाकता येई. पण तो प्रत्येक प्रोग्रॅमची जुनी निवड लक्षात ठेवायचा, त्यामुळे डिफॉल्ट बदललं तरी आवाज हटायचा नाही! २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने त्याच्या जागी पाइपवायर आणला.

दरम्यान एचडीएमआय मॉनिटर आणि ब्लूटूथ हेडसेटही यादीत येऊन बसले. ही उपकरणं अधूनमधून गायब होतात. मॉनिटर झोपला, गेला. बॅटरी संपली, गेला. मग आवाज कुठे वळवायचा? डेस्कटॉपचं उत्तर: आवाज थांबता कामा नये, दुसरं मिळेल त्यावर टाका.

हे उत्तर महागात पडू शकतं. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याचा लॅपटॉपवर कॉल चालू असताना हेडसेटची बॅटरी संपली. कॉल तुटला नाही. त्याच्या वडिलांच्या बायोप्सीचा रिपोर्ट सांगणारे डॉक्टर अख्ख्या टीमला ऐकू आले. पुढचे काही सेकंद कुणी मान वर केली नाही. सॉफ्टवेअरच्या हिशेबी इथे काहीच बिघडलेलं नव्हतं.

मोबाइलने हा धडा लवकर घेतला. हेडफोन निघाला की अँड्रॉइड ॲप्सना सूचना देतं, की आता आवाज चारचौघांत जाणार. शहाणं म्युझिक ॲप तिथेच थांबतं. डेस्कटॉपवर असा शिरस्ता नीट रुजला नाही. तो अजून त्या ट्रान्झिस्टरसारखाच वागतो: पिन निघाली, की लागला बोलायला.

तेव्हा आवाज भरकटला तर आधी डिफॉल्ट कुठलं आहे ते बघा. मग त्या ॲपची स्वतःची निवड तपासा. विंडोजमध्ये २०१८ पासून ती सेटिंग्जमध्येच आहे. मॉनिटरचे स्पीकर लागत नसतील तर यादीत बंद करून टाका. पुढच्या जॅकचा पत्ताच लागत नसेल, तर बायोसमध्ये फ्रंट पॅनेल एसी ९७ वर सेट नाही ना, हेही बघा.

आणि ऑफिसात बसत असाल तर एक करा. हेडसेट काढून स्पीकर निवडा, त्यांना म्यूट करा, मग हेडसेट पुन्हा जोडा. प्रत्येक उपकरणाचं म्यूट वेगळं लक्षात राहतं. उद्या बॅटरी संपली तर आवाज स्पीकरवर जाईल, पण शेजाऱ्याला ऐकू येणार नाही.