धवल्यातील देवांची आमंत्रणे

उत्तर कोकणातल्या आगरी लग्नांत धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीते, गाते. तिच्या गाण्याबरोबरच मांडव, हळद असे विधी पुढे सरकतात. ती केवळ गायिका नाही, परंपरेने पौरोहित्यही तिच्याकडेच.

म्हणून धवल्यांतली देवांची लांबलचक यादी भक्तिगीत समजून वाचू नये. ती आमंत्रणे आहेत. ग्रामदेव, कुलदेव, घरातले मृत पूर्वज, सगळ्यांना रीतसर बोलावणे जाते. छापताना संपादक ‘पुनरुक्ती’ म्हणून हीच नावे गाळतात. मांडवात मात्र एखादा देव राहून गेला तर तो अपशकुनच!

नवरा राम किंवा कृष्ण होतो, यातही पुराणकथा सांगण्याचा हेतू कमीच. त्या दिवसापुरता त्याला देवपण दिलेले असते. १३व्या शतकात महदंबेने रचलेले धवळे रुक्मिणी-कृष्णविवाहाचेच. मात्र ते ग्रंथबद्ध, एका कवयित्रीचे. आगरी धवले तोंडी चालतात आणि घरागणिक बदलतात. त्यामुळे छापलेला कुठलाही पाठ ‘मूळ’ मानू नये. तो एका मांडवातला असतो.