‘सोशली अँड एज्युकेशनली’: एका जोडशब्दाचा प्रवास

‘जुनी आणि नवी घरे’ असे कोणी म्हटले तर काही घरे जुनी, काही नवी, हे सांगावे लागत नाही. ‘विद्वान आणि विनम्र माणसे’ म्हटले तर दोन्ही गुण एकाच माणसाच्या ठायी आहेत असे आपण धरून चालतो. पण ‘गरीब आणि आजारी माणसांना मदत मिळेल’ या वाक्याचे काय करायचे? गरीब ते वेगळे आणि आजारी ते वेगळे, की जो गरीबही आहे आणि आजारीही, तेवढ्यालाच मदत? इंग्रजी ‘अँड’ या बाबतीत आपल्या ‘आणि’हून अधिक स्पष्टवक्ता नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हा पेच दोन ओळींत आटोपतो. भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी संहितेत मात्र तो कित्येक पिढ्यांच्या शिक्षणाशी आणि पोटापाण्याशी येऊन भिडला.

घटनेच्या अनुच्छेद १६(४) मध्ये सरकारी नोकऱ्यांसंबंधी ‘बॅकवर्ड क्लास’ असा शब्दप्रयोग आहे. एक नाम, एक विशेषण. हे एकटे विशेषणच पुरेसे वादग्रस्त ठरले होते. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यावर चर्चा झाली, तेव्हा टी. टी. कृष्णम्माचारींनी अशा संदिग्धतेमुळे वकिलांचे नंदनवन फुलेल असा टोमणा मारला. डॉ. आंबेडकरांचे उत्तर असे होते की, मागास कोण हे ठरविणे त्या त्या सरकारवर सोपविले आहे. अनुच्छेद ३४० मध्ये मात्र त्याच विशेषणापुढे दोन क्रियाविशेषणे येऊन बसली: ‘सोशली अँड एज्युकेशनली बॅकवर्ड क्लासेस’. तो अनुच्छेद केवळ चौकशी आयोग नेमण्यापुरता असल्याने या जोडीकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नसावे.

पुढे ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास प्रांतातील महाविद्यालयीन प्रवेशांची जातवार वाटणी रद्द ठरवली. नोकऱ्यांसाठी घटनेत अपवाद होता, प्रवेशांसाठी नव्हता. तो देण्यासाठी जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद १५(४) जन्मास आला. त्यासाठी शब्द उचलले गेले ते ३४० मधले. ‘इकॉनॉमिकली’ हे तिसरे क्रियाविशेषणही जोडावे अशी सूचना चर्चेत आली. नेहरूंनी ती स्वीकारली नाही. त्यांच्या उत्तरातला एक धागा आम्हांस फार मोलाचा वाटतो. ‘सोशली’ हा शब्द व्यापक आहे, त्यात आर्थिक बाजू येतेच, असे ते म्हणाले. शिवाय तिसरा शब्द घातलाच तर तो बेरजेसारखा घालणार नाही, यांपैकी कशातही जो मागे आहे त्याला मदत मिळावी असा अर्थ ठेवीन, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे ‘अँड’चा अर्थ बेरीज होऊ शकतो हे त्यांना दिसत होते. तरीही ‘अँड’ तसाच राहिला.

त्याची किंमत १९६२ साली कळली. म्हैसूर सरकारने ६८ टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. ‘बालाजी’ खटल्यात न्यायालयाने तो आदेश रद्द करताना सांगितले की १५(४) मधले मागासलेपण सामाजिक किंवा शैक्षणिक असून भागणार नाही. ते सामाजिक आणि शैक्षणिक असे दोन्ही असले पाहिजे. निकालपत्र लिहिले होते न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यातला हा न्यायाधीश. संस्कृत वैयाकरणांनी ‘च’ या एका अक्षराचे चार अर्थ नोंदवून ठेवले आहेत, हे त्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण; पण इंग्रजी ‘अँड’ला त्यांनी एकच अर्थ दिला. दोन चाळण्या एकाखाली एक, आणि दोन्हींतून जो उतरेल तोच वर्ग मागास.

यानंतरची गोष्ट अंकगणिताची आहे. मंडल आयोगाने १९८० च्या अहवालात अकरा निकष लावले: चार सामाजिक, तीन शैक्षणिक, चार आर्थिक. प्रत्येक सामाजिक निकषाला तीन गुण, शैक्षणिकाला दोन, आर्थिकाला एक. एकूण बावीस, अकरा मिळाले की मागास. वाचकांनी स्वतःच हिशेब करून पाहावा. चारही सामाजिक निकषांचे मिळून बारा गुण होतात. म्हणजे एखादी जात केवळ सामाजिक निकषांवरच ‘सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या’ मागास ठरू शकत होती. शिवाय १९५१ साली दारातून परत पाठवलेला आर्थिक निकषही चार गुण घेऊन मागच्या दाराने आत आला होता. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही. ‘अँड’ला मोजायला बसले की असे होणारच.

१९९२ च्या इंद्रा साहनी निकालात आणखी एक गाठ सुटली. १६(४) मध्ये ती दोन क्रियाविशेषणे नाहीतच, तेव्हा नोकऱ्यांच्या बाबतीत मागासलेपण दोन्ही प्रकारचे असावे असा आग्रह धरता येणार नाही. तिथे भर मुख्यतः सामाजिक मागासलेपणावर आहे, असे न्यायालयाने म्हटले. शब्द नसण्यालाही असा अर्थ येतो.

मराठीत ही जोडी आली ती थोडी बदलून. इंग्रजीत प्रत्येक शब्दाला स्वतंत्र ‘ली’ आहे. मराठीत एकच ‘दृष्ट्या’ दोघांना पुरतो. रोजच्या वापरात तर तोही गळतो आणि ‘सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग’ उरतो. महाराष्ट्राच्या २०१८ च्या मराठा आरक्षण कायद्याच्या नावात ही जोडी होती. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आरक्षण रद्द केले. २०२४ चा नवा कायदाही तीच जोडी घेऊन आला.

आणि ‘इकॉनॉमिकली’? ते २०१९ साली १०३ व्या दुरुस्तीने घटनेत आरक्षणाचा आधार म्हणून आले, पण ‘अँड’शिवाय, एकटे, आणि वेगळ्याच विशेषण-नामापुढे: ‘इकॉनॉमिकली वीकर सेक्शन्स’. १५(४) मध्ये बसणाऱ्या वर्गांना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. २०२२ मध्ये ही दुरुस्ती तीन विरुद्ध दोन मतांनी टिकली. विरोधी मत देणाऱ्या दोन न्यायाधीशांचा मुख्य आक्षेप या वगळण्यालाच होता.