१६० चौरस फुटांतला एकांत

चाळीवर लिहिणारे बहुतेक जण गोतावळ्याचे भक्त असतात. उघडी दारं, गणपती, भाजीच्या वाट्यांची ये-जा. ज्याला माणसांचा शीण येतो त्याने तिथे काय करायचं, हे कुणी लिहीत नाही. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले आणि स्वभावाने घुमी, म्हणून सांगते.

१९२० साली, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, मुंबईत विकास खातं, म्हणजेच बीडीडी, निघालं. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. मजल्यावर वीस खोल्या, मधून पॅसेज, संडास सामाईक, खोली १६० चौरस फुटांची. नकाशा काढणाऱ्या साहेबाने त्यात रांधणं, झोपणं धरलं होतं. गप्प बसणं धरलं नव्हतं.

ते रहिवाशांनीच बसवून घेतलं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्याला हाक मारायची नाही, मग तो टक्क जागा का असेना. गिरणीतली रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपणार कधी, यातूनच हा नियम आला असावा. फायदा आम्हा घुम्यांनीही घेतला. पुरुषाला पेपरची आड पुरे. बाईच्या हातात मात्र काम हवं. आई दुपारी तांदळाची परात घेऊन बसायची, निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत. हे मला आजही खटकतं. मी पोटमाळ्यावर गोधड्यांमागे सरपटायचे. दार मात्र लावायचं नाही. लावलं की पाच मिनिटांत शेजारीण हजर: "बरं नाही का गं?"

भाऊ पुस्तक घेऊन वरळी नाक्याजवळच्या अभ्यास गल्लीत जायचा. रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तक उघडून बसलेल्याशी कुणी बोलत नसे. पानं उलटलीच पाहिजेत, अशी काही अट नव्हती.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या. घर ५०० चौरस फुटांचं. भावालाही तसंच मिळालं. वहिनीला त्यात सगळ्यांत आवडली ती बेडरूमच्या दाराची आतली कडी. पहिल्याच आठवड्यात तिने ती भर दुपारी लावली, तर बाहेरून लगेच थाप: "बरं नाही का गं?"

विचारणारी आमची आईच होती.