फ्लॅपर स्केट
(शास्त्रीय नाव : डिप्ट्युरस इंटरमेडियस). ईशान्य अटलांटिक महासागरातील, कूर्चेचा सांगाडा असलेला चापट मासा. मादीची लांबी २.५ मी.पेक्षा जास्त आणि वजन १०० किग्रॅ.पर्यंत भरते. रूप पाकटासारखे असले, तरी त्याच्या शेपटीत विषारी काटा नसतो; शिवाय पाकट पिल्ले देतो, तर स्केट अंडी घालतो. सध्या तो मुख्यतः स्कॉटलंडचा पश्चिम किनारा आणि ऑर्कनी व शेटलंड बेटांच्या परिसरात आढळतो.

ऱ्हास : हा मासा पूर्वी इतका मुबलक होता, की त्याला ‘कॉमन स्केट’ (सामान्य स्केट) म्हणत. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांनी त्याचा घात केला. मादी सुमारे २ मी. लांब झाल्यावरच अंडी घालू लागते. पिल्लू मात्र अंड्यातून बाहेर पडतानाच जाळ्यात अडकण्याइतके मोठे असते; त्यामुळे अंडी घालण्याच्या वयाआधीच ते पकडले जाऊ शकते. आयरिश समुद्रातून हा मासा नाहीसा झाल्याचे संशोधक कीथ ब्रँडर यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. बंदरांवर सर्व स्केट-पाकटांची नोंद एकत्रच होत असल्याने ही घट आकडेवारीत दडून राहिली होती. पुढे २०१० च्या सुमारास ‘कॉमन स्केट’ या एका नावाखाली दोन जाती असल्याचे उघड झाले : मोठा फ्लॅपर व लहान ब्लू स्केट. दोन्ही आज अतिसंकटग्रस्त गणल्या जातात.

संरक्षण : युरोपीय संघाने २००९ पासून कॉमन स्केट ठेवून घेण्यास बंदी केली, जाळ्यात आलेला मासा समुद्रात परत सोडावा लागतो. हौशी गळकरीही त्याला सोडून देतात. सोडण्यापूर्वी त्याच्या पाठीचे छायाचित्र घेतात. पाठीवरील ठिपक्यांची नक्षी प्रत्येक माशाची वेगळी असते. ‘स्केटस्पॉटर’ या संग्रहात छायाचित्रे जुळवून तोच मासा पुन्हा ओळखता येतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉक सुनार्ट ते साउंड ऑफ जुरा हे सागरी क्षेत्र २०१४ मध्ये या जातीसाठी राखीव झाले.

अंडी : अंडे सुमारे २५ सेंमी. लांबीच्या, चारही कोपऱ्यांना टोके असलेल्या चिवट कोशात असते. तळावरील धोंड्यांच्या फटींत पडलेल्या या कोशातून पिल्लू बाहेर यायला सुमारे दीड वर्ष लागते. तेवढ्या काळात शिंपल्यांसाठी तळ नांगरणारे एखादे ड्रेज फिरले, तर जन्मापूर्वीच पिढी संपते. स्कॉटलंडच्या स्काय बेटाजवळील रेड रॉक्स व लाँगे येथे अशी शंभराहून अधिक अंडी आढळल्यावर २०२१ मध्ये ते क्षेत्र तातडीने आणि २०२३ मध्ये कायमचे संरक्षित झाले.